घोडा फुकट गेला तेव्हाच थांबायला हवं होतं: एका चेसबॉक्सिंग तयारीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण लंडनमधलं आहे, चेसबॉक्सिंगचं, म्हणजे आळीपाळीने बुद्धिबळ आणि बॉक्सिंग खेळायच्या खेळाचं. खेळणारा आपल्याकडचा, सातारा बाजूचा, आयटीत नोकरीला, वय ३१. नाव देत नाही, गडी म्हणतो. त्याच्या बायकोची आणि कोचची परवानगी घेऊनच लिहितोय. मी त्याची बुद्धिबळाची बाजू बघत होतो. मी मूळचा सांगलीचा, म्हणजे तिथे बुद्धिबळ रुजवणाऱ्या भाऊसाहेब पडसलगीकरांचं नाव ऐकत मोठा झालेला, पण बॉक्सिंगमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं आणि हे पुढे महागात पडलं.

गडीचं बुद्धिबळाचं रेटिंग ऑनलाइन रॅपिडला १७५० च्या आसपास. बॉक्सिंग दोन वर्षं करत होता, वजन ७२ किलो, जॅब चांगला, पाय चांगले, डिफेन्स मात्र "बघू मग" टाइपचा. त्याने कुठेतरी चेसबॉक्सिंगचे व्हिडिओ बघितले आणि मला फोन केला, "दादा, हे माझ्यासाठीच बनवलंय." मी हसलो. लंडनमध्ये २००८ पासून टिम वूलगरने हा प्रकार रुजवलाय त्यामुळे इथे शोधलं की जिम सापडते, आम्हालाही सापडली. नवख्यांच्या एका कार्यक्रमात १४ आठवड्यांनी त्याला लढत मिळाली.

खेळ कसा चालतो, थोडक्यात

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी. कल्पना एन्की बिलाल या कॉमिककाराच्या १९९२ च्या एका कॉमिकमधली, प्रत्यक्षात आणली इपे रुबिंग या डच कलाकाराने, २००३ साली बर्लिन आणि अ‍ॅमस्टरडॅममध्ये. भारतात कोलकात्यात मोंटू दास यांनी २०११ ला संघटना काढली. एक राउंड बुद्धिबळ, एक राउंड बॉक्सिंग, परत बुद्धिबळ, आणि डाव तोच, जिथे सोडला तिथून पुढे. मोठ्या लढतीत ११ राउंड, त्यात ६ पटावर आणि ५ रिंगमध्ये, प्रत्येकी ३ मिनिटं. घड्याळात दोघांना ९-९ मिनिटं, म्हणजे ६ गुणिले ३ बरोबर १८, हिशोब पक्का, डाव अर्धवट राहायची सोयच नाही. मात दिली तर जिंकलात, नॉकआउट केलं तर जिंकलात, समोरच्याची वेळ संपली तरी जिंकलात. पट बरोबरीत सुटला तर बॉक्सिंगचे गुण बघतात. ही शेवटची ओळ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमचा फॉरमॅट छोटा होता. ४ राउंड पटाचे, ३ बॉक्सिंगचे, पटाला ३ मिनिटं, बॉक्सिंगला २. घड्याळात प्रत्येकी ६ मिनिटं. मधे एक मिनिट मिळतं आणि त्यात ग्लोव्ह काढायचे, घाम पुसायचा, हेडफोन चढवायचे (प्रेक्षकांमधून कोणी चाल ओरडली तर ऐकू येऊ नये म्हणून), खुर्चीत बसायचं. हाताच्या पट्ट्या तशाच राहतात. पट्टी बांधलेल्या हाताने प्यादं उचलून बघा एकदा, शेजारचे दोन आडवे होतात आणि ते उभे करायचा वेळ तुमच्याच घड्याळातून जातो. ही गोष्ट आम्हाला पहिल्याच दिवशी कळली.

अडचण

पहिले चार आठवडे मी नुसतं बघत होतो. आरामात बसून खेळला की गडी गडीच होता, पण दोन राउंड बॉक्सिंग करून पटावर आला की वेगळाच माणूस. तिसऱ्या पट-राउंडला हत्ती देऊन टाकायचा, एकदा तर एका चालीतली मात दिसली नाही. कोच (साठीचा, जुना लंडनवाला, बुद्धिबळ फक्त घोडा कसा चालतो एवढंच येतं) म्हणाला दम कमी पडतोय, पळव त्याला. मी म्हटलं थांबा, आधी लिहून काढू.

मग एक्सेल शीट केली. दोन रकाने. आरामात खेळलेल्या डावातल्या घोडचुका, आणि राउंडनंतरच्या डावातल्या घोडचुका. राउंडनंतरच्या चुकांपुढे बसल्यापासून कितवी चाल हेही लिहायला लागलो. तीन आठवड्यांत जे दिसलं ते मला अपेक्षित नव्हतं. चुका दमल्यामुळे डावभर पसरलेल्या नव्हत्या. जवळजवळ सगळ्या बसल्यावरच्या पहिल्या तीन-चार चालींत होत्या, ठोके १७० च्या वर असताना, आणि एक मिनिटानंतर तो परत नीट खेळायचा. दुसरं म्हणजे बहुतेक वेळा मारणारा मोहरा लांबचा असायचा. पटाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला उंट. जवळचं सगळं दिसत होतं, तिरकी लांब रेषच दिसत नव्हती. त्याला विचारलं तर म्हणाला, "दादा, नळीतून बघितल्यासारखं होतं, आणि हात थांबत नाही, शिवशिवतो." साहजिक आहे, दोन मिनिटं जो हात मारत होता त्याला आता शांत बस म्हणायचं.

पर्याय काय होते

कोचचा पर्याय, दम वाढवा. चुकीचा नव्हता पण १४ मधले ७ आठवडे संपले होते आणि ७ आठवड्यांत ठोके पटकन खाली यायला लागतील एवढा फरक पडेल असं त्यालाच वाटत नव्हतं.

माझा पर्याय, ओपनिंग बदला. गडी काळ्याने नाजडॉर्फ खेळायचा. नाजडॉर्फ म्हणजे प्रत्येक चालीला तलवार, एक चाल चुकली की घरी जा, घरी बसून छान आहे पण ठोके १७० असताना आत्महत्या. कॅरो-कान घे म्हटलं, प्याद्यांची भिंत पक्की, आणि पांढऱ्याने लंडन सिस्टिम. त्यावर लंडनमध्ये राहून लंडन खेळणार का म्हणून जिममध्ये आठवडाभर चेष्टा झाली. बुद्धिबळातली सोवळी मंडळी लंडन सिस्टिमला नाकं मुरडतात, मीही मुरडायचो, पण इथे एकच धोका पाठ करायचा होता, काळ्याचा वजीर बी-सहावर येऊन बी-दोनच्या प्याद्यावर नजर टाकतो तो, बाकी पहिल्या आठ चाली झोपेत येतात.

तिसरा पर्याय, बसल्यावर पहिले २० सेकंद चालच करायची नाही. हात मांडीखाली, नाकाने श्वास, आणि समोरच्याचे उंट, हत्ती, वजीर कुठे बघतायत तेवढंच मनात म्हणायचं. याची किंमत सरळ होती. तीन वेळा रिंगमधून येऊन बसायचं म्हणजे ६० सेकंद, एकूण ३६० मधले. सहावा हिस्सा. कोचला हे परवडत नाही असं वाटलं, मला परवडतं असं वाटलं. मुद्दाम वेळकाढूपणा करणाऱ्याला पंच तंबी देतात, पण २० सेकंदांना कोणी काही म्हणत नाही.

चौथा पर्याय, लढत पुढे ढकला. त्या वेळी तो कोणी तोंडातून काढलाच नाही.

काय केलं

तिन्ही थोडं थोडं केलं. पण सगळ्यात जास्त फायदा झाला तो यादीत नसलेल्या गोष्टीचा, आणि ती सुचली कोचला. शीट बघून तो म्हणाला, मग बॉक्सिंगचे शेवटचे ३० सेकंद तुमच्या पटासाठी वापरू की. म्हणजे दीड मिनिट नीट लढायचं आणि शेवटचा अर्धा मिनिट फक्त जॅब, पाय, जवळ आला की मिठी, बेल वाजेपर्यंत ठोके थोडे उतरलेले. ज्याला घोड्यापलीकडे बुद्धिबळ येत नाही त्याने बुद्धिबळाचा प्रश्न सोडवला. माझ्या डोक्यात हे सात जन्मात आलं नसतं कारण मी पट सोडून बघतच नव्हतो.

आठव्या आठवड्याच्या शेवटी राउंडनंतरच्या चुका निम्म्यावर आल्या होत्या. शीटवर मी हिरवा रंग मारला.

मधेच बिघडलं

नवव्या आठवड्यात मंगळवारी नेहमीचा स्पॅरिंगवाला (सरावाच्या लढतीचा जोडीदार) आला नाही. जो होता तो ८० किलोच्या पुढचा, चांगला माणूस, पण जड. १६ औंसचे ग्लोव्ह, हेडगार्ड, सगळं होतं. दुसऱ्या राउंडमध्ये गडीला एक लेफ्ट हुक बसला, कानाच्या वर. पडला नाही, डगमगला पण नाही फारसा, कोचने विचारलं ठीक आहेस का, म्हणाला हो. राउंड पूर्ण केला.

मग पटावर बसला. २० सेकंद नीट थांबला. दोन मिनिटं नीट खेळला. आणि मग घोडा सरळ प्याद्याच्या तोंडात ठेवला. लांबचा उंट वगैरे काही नाही, शेजारच्या घरातलं प्यादं, आणि बसून दोन मिनिटं झालेली. म्हणजे आम्ही शोधलेल्या दोन्ही खुणांमध्ये न बसणारी चूक. मला ते विचित्र वाटलं हे मला आठवतंय. मी शीटमध्ये लिहिलं, "१४वी चाल, घोडा, का??" दोन प्रश्नचिन्हं. आणि घरी गेलो.

पुढच्या १२ दिवसांत आणखी दोनदा स्पॅरिंग झालं. आणि शीटचा पहिला रकाना, आरामातल्या डावांचा, जो तोवर हलला नव्हता, तो घसरायला लागला. आधी दोन डावांत एखादी घोडचूक असायची, त्या १२ दिवसांत ९ डावांत ११. मी काय निष्कर्ष काढला? ऑफिसमध्ये रिलीज आहे, झोप कमी झाली असेल, नवीन ओपनिंगचा कंटाळा आला असेल. हुकच्या दिवसाची नोंद आणि ही घसरण एकाच शीटवर सहा ओळींच्या अंतराने होती आणि मी रेघ जोडली नाही.

पकडलं कोचने, तेही योगायोगाने. गडी ट्यूबलाइटखाली डोळे बारीक करून हँडरॅप बांधत होता. कोचने हात धरून बाहेर बसवला आणि नीट विचारलं. तेव्हा बाहेर आलं की डोकं रोज दुखतंय, स्क्रीनकडे बघवत नाही, झोपेचं खोबरं झालंय. १११ ला, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या सल्ल्याच्या नंबरला फोन, मग डॉक्टर. कन्कशन, म्हणजे मार लागून मेंदूला बसलेला धक्का.

घरी सोडायला गेलो तेव्हा त्याची बायको म्हणाली की तो आठवडाभर लॅपटॉपचा ब्राइटनेस अगदी कमी करून काम करतोय आणि रात्री दोन-दोनदा उठतोय. मी म्हटलं मला आधी सांगायचं ना. ती म्हणाली, "दादा, तुम्ही विचारलंच नाहीत." याला उत्तर नव्हतं.

निर्णयाची जागा

आता लढत २७ दिवसांवर. ब्रिटनमध्ये हौशी खेळांसाठी २०२३ पासून नियमावली आहे. लक्षणं पूर्ण थांबल्यावर १४ दिवस गेल्याशिवाय डोक्याला मार लागू शकेल असा सराव नाही, आणि मार लागल्यापासून २१ दिवसांच्या आत स्पर्धा नाही. गडीची डोकेदुखी थांबली ती सराव बंद केल्यावर ९ दिवसांनी. १४ मिळवले तर लढतीच्या चार दिवस आधी तो मोकळा होत होता. कागदावर बसत होतं.

इथे दोन दिवस वाद झाला आणि मी आधी चुकीच्या बाजूला होतो हे लिहिलंच पाहिजे. गडीला लढायचं होतं. तिकिटं काढून त्याचे आठ मित्र येणार होते, आईला साताऱ्यात लिंक पाठवून झाली होती. मी म्हटलं नियमात बसतंय तर बघू, शेवटचे ३० सेकंद मिठी मारतोच आहे, सगळाच राउंड मिठी मार आणि पटावर जिंक. कोच एकच बोलला. चार दिवसांत मी त्याला एकही स्पॅरिंग देऊ शकत नाही, म्हणजे डोक्यावर पहिला ठोसा बसेल तो लढतीत, आणि तो मारणारा माझं ऐकणारा नसेल. २१ दिवस हा कमीत कमी आकडा आहे, तारीख नाही, हेही तोच म्हणाला.

माझ्या योजनेत आणखी एक भोक होतं जे मला नंतर दिसलं. पटावर जिंकायचं ठरवलं होतं ज्या डोक्याने, दुखणं त्याच डोक्याला होतं. इतर बॉक्सर निदान मार लागल्यावर पायावर आणि सवयीवर थोडा वेळ काढतो. इथे पुढच्याच मिनिटाला त्याला गणित करायला बसवतात.

नाव मागे घेतलं. आयोजकांनी कुरकुर केली नाही, पुढच्या कार्यक्रमात घेतो म्हणाले. गडी माझ्याशी आठवडाभर बोलला नाही.

लढत, पाच महिन्यांनी

परतीचा सराव हळू केला. आधी चालणं, मग सायकल, मग बॅग, स्पॅरिंग सगळ्यात शेवटी आणि फक्त वजनातल्या माणसाबरोबर. शीट परत सुरू केली, यावेळी तिसरा रकाना, त्याचं पुढे सांगतो.

लढतीत त्याला काळे मोहरे मिळाले. कॅरो-कान. समोरचा पोरगा पटावर थोडा कच्चा पण रिंगमध्ये तापट. पहिला पट-राउंड शांत गेला. बॉक्सिंगच्या तिन्ही राउंडांत गडीने दीड मिनिट जॅब आणि शेवटी मिठी हे इतकं इमानेइतबारे केलं की प्रेक्षकांनी हुर्यो केली, पण गुण त्याचेच पुढे होते. तिसऱ्या पट-राउंडला समोरच्याने घाईत हत्ती दिला. बसल्यावरच्या दुसऱ्या चालीला, बरं का. आमची शीट त्याच्यावर चालवली असती तर तंतोतंत बसली असती.

शेवटच्या राउंडला गडी बसला तेव्हा हत्ती जास्त, घड्याळात त्याचे ७० सेकंद, समोरच्याचे ११०. तो बसला आणि शिकवल्याप्रमाणे २० सेकंद थांबला. मी खाली उभा राहून मनातल्या मनात चाल कर चाल कर म्हणत होतो. उरले ५०. समोरचा शहाणा निघाला, राजा घेऊन पळत सुटला आणि मिळेल तिथे शह देत राहिला. मोहरे संपत संपत शेवटी त्याच्याकडे राजा आणि एक प्यादं, गडीकडे राजा आणि हत्ती. गडीला ८ सेकंद असताना ते प्यादं खाता येत होतं. त्याने मात द्यायच्या दिशेने हत्ती नेला. दोन चाली बाकी असताना त्याचं घड्याळ पडलं.

हरला. वेळ संपून.

आता वरची ओळ आठवा. प्यादं खाल्लं असतं तर समोरच्याकडे नुसता राजा उरला असता. नुसत्या राजाने मात देता येत नाही, म्हणून घड्याळ पडलं तरी डाव बरोबरीत. पट बरोबरीत म्हणजे बॉक्सिंगचे गुण. आणि गुणांत गडी पुढे. म्हणजे ८ सेकंदांत फक्त एक प्यादं खायचं आणि हात बांधून बसायचं, एवढंच होतं. हे त्याला माहीत नव्हतं का? माहीत होतं, मला माहीत होतं, कोचला सुद्धा मी एकदा सांगितलं होतं. पण पाच महिन्यांत एकदाही आम्ही असा शेवट घड्याळ लावून खेळलो नव्हतो.

वेगळं काय करता आलं असतं

शेवटापासून सांगतो. २० सेकंदांचा नियम आम्ही दगडावरची रेघ केला. पहिल्या दोन वेळा ठीक, पण शेवटच्या राउंडला, हत्ती जास्त असताना, १० पुरले असते. किती थांबायचं हे घड्याळ बघून ठरवायला शिकवायला हवं होतं, मी आकडा शिकवला.

स्पॅरिंगला नेहमीचा माणूस आला नाही त्या दिवशी बॅगवर काम करून घरी जायला हरकत नव्हती. एक दिवस वाया गेला असता. कोच हे अजून स्वतःला लावून घेतो, मी म्हणतो निम्मं माझं.

ठीक आहेस का या प्रश्नाला बॉक्सर हो च म्हणतो, त्यामुळे तो प्रश्न आता आम्ही विचारत नाही. झोपलास किती वाजता, उठलास कितीदा, काल ऑफिसला स्क्रीनसमोर किती वेळ बसवलं, असं विचारतो. आणि बायकोला वेगळा मेसेज करतो, गडीला हे माहीत आहे आणि आवडत नाही.

आणि तिसरा रकाना. प्रत्येक सरावाआधी, ग्लोव्ह घालायच्या आधी, १० सोपी कोडी, दोन चालींतली मात वगैरे, वेळ लावून. त्याचे नेहमी ९ किंवा १० येतात. स्पॅरिंगनंतरच्या पुढच्या सरावाला ७ च्या खाली गेले तर त्या दिवशी रिंग बंद, चर्चा नाही. ही डॉक्टरी तपासणी नाही, १० आले म्हणून डोकं ठणठणीत असंही नाही, आणि लक्षणं असतील तर कोडी न सोडवता सरळ डॉक्टरकडेच जायचं. पण इतर बॉक्सरकडे नसलेली एक गोष्ट आमच्याकडे आहे, रोज डोकं मोजायचं साधन टेबलावर पडलेलं असतं, आणि आम्ही ते नऊ आठवडे फक्त ओपनिंग सुधारायला वापरत होतो.

गेल्या महिन्यात एकदा ६ आले. गडी म्हणाला दादा रात्री मुलगी रडत होती, झोप नाही झाली, बाकी काही नाही. बहुतेक खरंच तसं असेल. कोचने त्याचे ग्लोव्ह उचलून कपाटात ठेवले, आणि आम्ही तिघांनी तासभर राजा-हत्ती विरुद्ध राजा-प्यादं खेळलो, घड्याळात ८ सेकंद लावून.